लीन उत्पादनपद्धती

कारखान्यातील अपव्यय हुडकून तो सतत कमी करत नेणारी उत्पादनपद्धती. तिचा उगम जपानच्या टोयोटा कंपनीत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ताइची ओनो (१९१२–९०) यांनी तिला आकार दिला. टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांचा यंत्रमाग धागा तुटताच आपोआप थांबे. दोष पुढे जाऊ न देण्याचे हेच तत्त्व मोटारींच्या जुळणीत आले. पुढच्या टप्प्याला लागेल तेवढाच माल मागच्याने बनवावा, यासाठी ‘कानबान’ चिठ्ठ्या वापरतात. साठा घटला की त्याआड दडलेल्या उणिवा उघड्या पडतात; पद्धतीचे खरे मर्म येथेच आहे.

‘लीन’ हे नाव संशोधक जॉन क्राफचिक यांच्या १९८८ मधील लेखापासून रूढ झाले. पद्धत अन्यत्र रुजवताना केवळ साधने उचलून भागत नाही; कामगारांवर विश्वासही टाकावा लागतो. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केलेला कारखाना टोयोटाच्या भागीदारीत १९८४ मध्ये पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच, तरीही गाड्यांचा दर्जा लक्षणीय सुधारला. अडचण दिसताच दोरी ओढून जुळणी थांबवण्याचा अधिकार आता त्यांच्या हाती होता. हा विश्वास आपल्या इतर कारखान्यांत पोचवायला मात्र जनरल मोटर्सला बरीच वर्षे लागली.