शाळकरी लेखणीतली माहिती

मुलांना माहितीपर लेखन शिकवावे कसे, या प्रश्नाचा मराठीतला मागोवा घेताना मी १८५५ सालच्या ‘ज्ञानोदया’पाशी थांबतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात दोन भागांत छापून आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची ती विद्यार्थिनी.

हा निबंध आपण बंडाचा हुंकार म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. मला त्यातली माहितीची मांडणीही तितकीच मोलाची वाटते. मुक्ता ‘जुलूम’ एवढेच म्हणून थांबत नाही. तालीमखान्यावरून जाणाऱ्याला शिक्षा काय, इमारतीच्या पायात कोणाला गाडत, घरावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीचे थंडी-पावसात काय होते, हे ती सांगते. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती, तेव्हा तिथल्या गोष्टी थोरांकडून ऐकलेल्या असणार. बाळंतिणीचे हाल मात्र तिच्याच काळातले, तिच्याच लोकांतले. धर्माला तिने विचारलेला जाब या तपशिलांवर उभा आहे.

आजचा शाळकरी निबंध ‘माझे गाव निसर्गरम्य आहे’ येथून सुरू होतो. गावात पाणी किती दिवसांनी येते, कोणत्या आळीला येतच नाही, हे मुलाला ठाऊक असते. ते त्याला कोणी विचारत नाही. मुद्दे फळ्यावर लिहून देता येतात. मुलाला ठाऊक असलेले, गैरसोयीचे असले तरी, वहीत येऊ देण्याची तयारी शिक्षकाचीच लागते. फुल्यांच्या शाळेत ती होती.