जोशी समितीची चौकशी आणि पीडित बालिकेचा शब्द

विवाहाच्या आवरणाखाली बालवधूंवर होणाऱ्या अत्याचारांची विस्तृत चौकशी १९२८-२९ मध्ये अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कायदा त्यापूर्वीही होता. कलकत्त्याच्या फुलमणी या बालवधूच्या मृत्यूने खळबळ उडाल्यावर १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेण्यात आले. पत्नीच्या बाबतीत ते १९२५ मध्ये १३ झाले. तथापि घरात घडलेला गुन्हा न्यायालयापर्यंत क्वचितच येई. तो का येत नाही, हाच समितीपुढील खरा प्रश्न होता.

समितीने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्या होत्या. कायदा लोकांस ठाऊकच नाही, वयाचा पुरावा मिळत नाही, आणि जिचे अन्नवस्त्र पतीच्या हाती ती त्याच्याविरुद्ध बोलणार कशी, ही उत्तरे पुढे आली. विवाहाचे किमान वय १४, विवाहांतर्गत संमतिवय १५, तसेच जन्म-विवाहांची नोंद, अशा शिफारशी तिने केल्या. मात्र मुलींच्या यातना बहुतांशी डॉक्टर, वकील आणि समाजसेवक यांच्या तोंडून कागदावर आल्या, हे विसरता येत नाही. रखमाबाईंनी १८८५ मध्ये वृत्तपत्रात टोपणनावाने आपली बाजू मांडली होती खरी. पण त्या सुशिक्षित होत्या आणि त्यांना घरचा आधार होता.

१९२९ चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. तो पश्चिम खानदेशातील खांडबाऱ्यासही लागू होता. परंतु मूळ तरतुदीप्रमाणे फिर्याद जिल्हा मॅजिस्ट्रेटपुढेच करावी लागे आणि फिर्यादीकडून १०० रुपयांपर्यंतचा जामीनकतबा घेतला जाई. म्हणजे खांडबाऱ्याच्या माणसाने मुलीसाठी धुळ्याची वाट धरावयाची, आणि वर स्वतःच जामीन द्यावयाचा! अशा कायद्याखाली फिर्यादी पुढे न आल्यास नवल नव्हते. पीडित मुलीच्या आश्रयाची वा उपचाराची तर त्यात तरतूदच नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा यत्न दीर्घ काळाने झाला. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मुलास साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये, विश्वासातील व्यक्ती त्याच्याजवळ असावी, असे नियम आहेत. तपास व खटल्याच्या काळात साहाय्यक व्यक्तीही नेमता येते. मावची वा भिली बोलणाऱ्या घरात वाढलेल्या खांडबाऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने आणखी एक कलम मोलाचे आहे: जबाब नोंदविताना दुभाषा देण्याचे.