जुने नकाशे आणि आपला मुलूख

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे गावाकडील जुन्या इतिहासावर काही लिहावे अशी सूचना केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि पुढे शाळेत भूगोल शिकविण्यात आयुष्य घालविलेले. राजेरजवाड्यांच्या वंशावळी आम्हांस ठाऊक नाहीत. पण भिंतीवरचा नकाशा आम्ही पुष्कळ वर्षे पाहिला आहे, आणि त्याच वाटेने आपल्या जालना मुलखाकडे पाहावे असे मनात आले.

आमच्या नोकरीच्या आरंभीच हा नकाशा आमच्या डोळ्यांदेखत बदलला. तोवर आम्ही मुलांकडून औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके पाठ करून घेत असू. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निराळा झाला. जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद हे तालुके औरंगाबादेतून आणि परतूर परभणीतून आले. बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके त्यानंतरचे. शाळेस नवा नकाशा लवकर मिळेना, म्हणून जुन्याच नकाशावर आम्ही तांबड्या पेन्सिलीने नवी शीव आखली. एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग आता आपली नदी पण बदलली का?" तेव्हा वर्गात हशा पिकला. आज वाटते की प्रश्न हसण्याजोगा नव्हता.

आपल्या भागाचे जुने नकाशे प्रथम काढले गेले ते लढाईच्या निमित्ताने. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली याची गाठ पडली. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातील ही जागा. नदीस उतार नाही असे वाटाड्यांनी त्यास सांगितले. परंतु पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर त्याच्या दृष्टीस पडली. समोरासमोरच्या गावांचे लोक एकमेकांकडे जात-येत नसतील हे संभवतच नाही, असा तर्क त्याने केला आणि उतार तेथेच सापडला. पुढे इंग्रजांनी त्या लढाईचे जे आराखडे छापले त्यांत ही खेडी आहेत. नावांचे उच्चार वेडेवाकडे आहेत खरे, पण नद्यांची वळणे पाहणारास जागा ओळखू येते. लढाई कोणी जिंकली हे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस त्या आराखड्यात लढाईहून अधिक मोलाचा वाटतो तो दोन गावांमधला रोजचा पायरस्ता.

सर्वेक्षण खात्याचे एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे नकाशे पुढे निघाले, त्यांवर मात्र आम्ही पुष्कळ घोटाळलो. वीस अंश उत्तर अक्षांश आणि शहात्तर अंश पूर्व रेखांश या दोन रेषा आपल्याच भागात एकमेकींस छेदतात. त्यामुळे जिल्हा पत्रकांच्या चार निरनिराळ्या क्रमांक-गटांत विभागला गेला आहे. जालना शहर एकात, भोकरदन दुसऱ्यात, आणि परतूर-मंठा तिसऱ्यात. या नकाशांत निळ्या रंगाने पाणी दाखवितात. पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघेने काढतात. आपल्या भागात निळे किती थोडे आणि काळे किती फार, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

जुने पत्रक आणि नवे पत्रक शेजारी ठेवले की काय घडले ते वाचता येते. इ.स. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे निजामाच्या राज्यातून रेल्वे गेली आणि जालन्याची बाजारपेठ तिच्याशी जोडली गेली. बैलगाड्यांचे ठळक रस्ते स्टेशनाकडे वळले, बाकीचे पुसट झाले. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली. त्याच्या २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांत नवी निळी रेघ ओढली. कालव्याखाली ऊस वाढला, आणि जेथे कालवा नाही तेथे विहिरीच्या जोरावर मोसंबीच्या बागा झाल्या. मात्र २०१२-१३ च्या दुष्काळात यांपैकी कित्येक बागा उभ्या वाळल्या. ती गोष्ट नकाशात दिसत नाही, वयस्कर शेतकऱ्याच्या तोंडूनच ऐकावी लागते. अलीकडे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. त्याचा नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो गावोगावच्या वाटांस न जुमानता सरळ चालतो. जुना रस्ता विहिरीस व देवळास वळसा घालून जाई.

आता मुख्य गोष्ट. वरील नकाशांहून आपल्या कुटुंबांच्या अधिक उपयोगाचा नकाशा म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशा. मोजणीसाठी तेहतीस फुटांची शंकु साखळी वापरीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. नकाशात गावठाण, गायरान, ओढे व सर्व्हे नंबरांच्या हद्दी असतात. तुटक रेषांनी वाटा दाखविलेल्या असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, म्हणजे निदान अर्धी साखळी. पुढे जमीन एकत्रीकरणाच्या योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ घालताना पुष्कळ घरांत भांडणे लागली आहेत, हे येथे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही आमच्या खेड्याच्या नकाशाची नक्कल फी भरून मिळविली. नादापायीच, दुसरा हेतू नव्हता. ओसरीवर ती पसरून बसलो असता ओढ्यापलीकडचे एक शेजारी आले. त्यांच्या रानास गाडीवाट नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या गरोदर सुनेस चौघांनी बाजेवर घालून चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणले होते. त्यांनी नकाशावर बोट ठेवले व हळूच म्हणाले, "गुरुजी, वाट तर आहे की इथं. पण या रेघेवर तुमचीच तूर उभी आहे."

आम्ही नकाशा उलटा करून पाहिला, आजच्या उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहिला. शेजाऱ्यांचे म्हणणे खरे होते. ही वाट आमच्या वडिलांच्या काळी की त्याही आधी नांगराखाली गेली, हे सांगणारे आता कोणी नाही. दरवर्षी एकेक तास आत सरकले असावे. चाळीस वर्षे मुलांना नकाशावाचन शिकविणाऱ्या मनुष्याने आपल्या बांधाचा नकाशा एकदाही पाहिला नव्हता.

वाट अडविली असल्यास ती खुली करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदारास दिलेला आहे. पाणंद रस्त्यांसाठी शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही २०२१ पासून आहे. शेजाऱ्यांनी अर्ज केला असता तर आम्हांस उत्तर देता आले नसते. त्यांनी तो केला नाही. आमच्या घरात मात्र बरीच खडाजंगी झाली. धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे, सारेच दाबतात, आपणच का सोडावे? थोरल्याने नकाशा हाती घेऊन मुकाट्याने फुटांचा हिशेब केला. तूर निघाल्यावर मोजणीचा अर्ज आम्ही स्वतःच दिला. भूकरमापक आले तेव्हा खुणा रोवताना दोन्ही घरांची माणसे हजर होती. साडेसोळा फूट सोडून नवा बांध घातला. पहिल्या दिवशी त्या वाटेने शेजाऱ्यांची बैलगाडी कडब्याने भरून आली, आणि आमच्या सौभाग्यवतींनी बैलांस पाणी दाखविले.