इंचभर काचेखालचे मिग-२१

विमानाची लहान प्रतिकृती हाती आली की पाहणाऱ्याची नजर पंखांवर फार काळ ठरत नाही. ती वैमानिकाच्या आसनाकडे वळते. या आसनावरील पारदर्शक आवरण म्हणजे कॅनोपी आणि त्याखालचा वैमानिकाचा कक्ष म्हणजे कॉकपिट. बाजारात मिळणाऱ्या जोडणी-संचांत नेमके हेच दोन भाग बहुधा कच्चे असतात. काच जाड, आसन ओबडधोबड आणि उपकरणफलकाच्या जागी एखादे चिकटचित्र. त्यामुळे जाणकार हौशी हे भाग मुळापासून स्वतः घडवतात. या पद्धतीला ‘स्क्रॅच बिल्डिंग’ असे म्हणतात.

खानदेशातील हौशी कलावंतासाठी या कामाचा स्वाभाविक विषय मिग-२१ हाच ठरावा. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघाले की वाटेत ओझर लागते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा येथील कारखाना १९६४ मध्ये मिग-२१च्या उत्पादनासाठी स्थापन झाला. १९६३ पासून हवाई दलात असलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. चौकांत आणि प्रवेशद्वारांवर उभी केलेली जुनी विमाने अनेक ठिकाणी दिसतात. परंतु त्यांच्या कॅनोपी उन्हापावसाने धूसर झालेल्या वा रंगवून बंद केलेल्या असतात. वैमानिक नेमका कोठे आणि कसा बसत होता, हे सामान्य माणसाला आता पाहता येईल ते बहुतांशी प्रतिकृतीतच. म्हणूनच तेथील चूक क्षुल्लक मानता येत नाही.

सर्वाधिक चूक होते ती कॅनोपी उघडण्याच्या दिशेत. भारतात ‘टाइप ७७’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मिग-२१ एफएलची कॅनोपी पुढच्या बाजूला बिजागरलेली होती. ती मागून वर उचलली जाई. वैमानिक आसनासह बाहेर फेकला गेला की हेच आवरण त्याच्यासोबत जाऊन वाऱ्याच्या माऱ्यापासून त्याला झाकत असे. नंतरच्या एम आणि बिस या प्रकारांत पुढची काच स्थिर राहिली आणि मागचा भाग उजवीकडे कलंडू लागला, आसनही बदलले. सुधारित ‘बायसन’मध्ये पुढची काच एकसंध झाली. २०१३ मध्ये निवृत्त झालेल्या टाइप ७७ ची कॅनोपी आडवी उघडून ठेवलेली प्रतिकृती कितीही सुबक असली, तरी ती चूकच होय.

यानंतरचा प्रश्न प्रमाणाचा. मिग-२१चा पंखविस्तार ७.१५ मीटर. १:७२ या प्रमाणात तो जेमतेम १० सेंटीमीटर भरतो, १:४८ मध्ये सुमारे १५. पहिल्या प्रमाणात कॅनोपी इंचभराचीच होते आणि १ मिलिमीटर जाडीची काच प्रत्यक्षातील ७ सेंटीमीटरहून जाड काचेइतकी दिसते. आतले काम त्यामुळे भिंगातून पाहिल्यासारखे वाकडे दिसते. पातळ काच घडवण्यामागचे खरे कारण हेच.

त्यासाठी आधी लाकडाचा ठोकळा कोरून कॅनोपीचा साचा करतात. काचेची जाडी वजा करून तो किंचित लहान ठेवावा लागतो आणि खाली काही मिलिमीटर जादा उंची सोडावी लागते, म्हणजे कापताना हात मोकळा राहतो. लाकडाच्या शिरा तापलेल्या प्लॅस्टिकवर जशाच्या तशा उमटतात. म्हणून लांबी भरून साचा आरशासारखा घासणे आवश्यक असते. घाई करणारे येथेच फसतात. मग पाण्याची रिकामी, नितळ बाटली कापून तीत साचा घट्ट बसवायचा आणि हॉट एअर गनची हवा दुरून, फिरवत द्यायची. बाटलीचे पेट प्लॅस्टिक घडवताना ताणलेले असते, त्यामुळे उष्णता मिळताच ते आक्रसून साच्याला चिकटते. उष्णता जास्त झाली की ते पांढुरके पडते आणि सारे पुन्हा करावे लागते. चार-पाच बाटल्या वाया जाणे यात नवल नाही.

जळगाव हे पीव्हीसी पाइप आणि शीटचे गाव. तेथील पीव्हीसी फोम शीट प्रतिकृतीची बैठक, धावपट्टीचा तुकडा वा हँगरची भिंत करण्यास उत्तम. मात्र ती थंडच कापावी. पीव्हीसी अति तापवल्यास हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. बंद खोलीत हा प्रयोग मुळीच करू नये.

कॉकपिटचे काम तुलनेने निवांत. पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून तळ, बाजूचे फलक आणि आसनाची चौकट उभी राहते. विजेच्या वायरीतील तांब्याचे केस नळ्यांसाठी आणि गोळ्यांच्या पाकिटावरील फॉइल आसनाच्या पट्ट्यांसाठी कामी येते. मिगच्या कॉकपिटचा निळसर हिरवा रंग प्रसिद्धच आहे. उपकरणफलकावर मधोमध एक उभी पांढरी रेघ असे. विमान गिरक्या घेत कोसळू लागल्यास दांडा नेमका मध्यावर आणण्यासाठी वैमानिकाला तिचा आधार मिळे. ही रेघ नसलेला फलक मिगचा वाटत नाही. तबकड्यांवर पारदर्शक वार्निशचा एकेक थेंब टाकला की काचेचा भास होतो.

रंगकामात खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. पारा ४५ अंशांकडे गेला की अॅक्रिलिक रंग फवाऱ्याच्या तोंडाशीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. असे काम पहाटे उरकावे. कॅनोपीच्या चौकटीवर आधी कॉकपिटचा रंग आणि त्यावर बाहेरचा रंग दिला, की आतून पाहतानाही चौकट योग्य रंगाची दिसते. काच चिकटवताना फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद टाळावा, कारण त्याची वाफ आतून पांढरी साय धरते. साधे फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होते आणि चुकल्यास पाण्याने निघते.

मिगवर हात बसला की ओझरचेच सुखोई-३० एमकेआय खुणावते. १:७२ मध्येही ते ३० सेंटीमीटर लांब भरते. एकाच मोठ्या, मागे बिजागरलेल्या कॅनोपीखाली दोन आसने, एकामागे एक. पुढच्या काचेसमोरचा शोधक गोळा मध्यावर नसून उजवीकडे सरकलेला असतो, कारण डावीकडे हवेत इंधन घेण्याची नळी आहे. २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून, जळगाव जिल्ह्याच्या कन्या आणि तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी वयाच्या ७४ व्या वर्षी याच विमानातून उड्डाण केले, ते मागच्या आसनावर बसून. त्यामुळे जळगावात घडणाऱ्या सुखोईचे मागचे आसन तरी संचातले तसेच ठेवून भागणार नाही.