स्प्रिंगहिल : कोळशावर वसलेले आणि कोळशानेच पोळलेले गाव

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात कंबरलँड परगण्यामध्ये स्प्रिंगहिल हे टेकडीवर वसलेले छोटेसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे दगडी कोळशाच्या खाणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्या आणि रेल्वेमुळे या कोळशाला बाजारपेठ मिळाली. वस्ती वाढत जाऊन १८८९ मध्ये गावाला नगराचा दर्जा प्राप्त झाला. त्यानंतरच्या सुमारे सत्तर वर्षांत तीन भीषण दुर्घटनांनी गावाचे नाव जगभर पोहोचवले.

खाणकामगारांच्या संघटित चळवळीतही स्प्रिंगहिलचे स्थान मोठे आहे. प्रांतातील खाणकामगारांची पहिली महत्त्वाची संघटना १८७९ मध्ये येथेच स्थापन झाली. पुढे १९०९ ते १९११ या काळात संघटनेला मान्यता मिळावी म्हणून येथील कामगारांनी जवळजवळ बावीस महिने संप चालवला.

पहिली मोठी दुर्घटना २१ फेब्रुवारी १८९१ रोजी घडली. खाणीत झालेल्या स्फोटाची आग हवेत तरंगणाऱ्या कोळशाच्या भुकटीने भडकवली आणि ती बोगद्यांतून पसरली. १२५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत खाणीत काम करणारी कोवळ्या वयाची मुलेही होती.

दुसरी दुर्घटना १ नोव्हेंबर १९५६ ची. कोळशाची भुकटी वर नेणाऱ्या गाडीचे काही डबे सुटून उतारावरून मागे घसरले आणि विजेच्या तारेवर आदळले. ठिणगीने भुकटी पेटून स्फोट झाला. ३९ कामगार मरण पावले, तर ८८ जणांना वाचवण्यात यश आले. पुढच्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी लागलेल्या आगीत गावाच्या मुख्य बाजारपेठेचा मोठा भाग भस्मसात झाला.

तिसऱ्या दुर्घटनेने खाणींचाच शेवट केला. क्रमांक दोनची खाण जगातील सर्वांत खोल कोळसाखाणींपैकी एक होती. तिच्या तिरप्या मार्गाची लांबी चौदा हजार फुटांहून अधिक होती. इतक्या खोलीवर वरच्या खडकांचा प्रचंड भार असतो. कोळसा काढून घेतल्यावर हा भार उरलेल्या थरावर येतो आणि तो सहन झाला नाही, तर जमीन एकाएकी उसळून छताला भिडते. येथील कामगार या प्रकाराला ‘बंप’ म्हणत. पूर्वीही असे धक्के बसले होते. परंतु २३ ऑक्टोबर १९५८ च्या रात्री आठच्या सुमारास बसलेला धक्का विलक्षण होता. त्या वेळी खाणीत १७४ कामगार होते.

स्थानिक कामगार आणि बाहेरून आलेली बचावपथके विषारी वायू व ढिगाऱ्यांतून वाट काढत पुढे सरकली. सहा दिवसांनी, आशा जवळपास मावळली असताना, मोडक्या हवेच्या नळीतून आवाज ऐकू आला आणि बारा जण जिवंत सापडले. १ नोव्हेंबरला आणखी सात जणांची सुटका झाली. ७५ जणांचे प्राण गेले. दूरचित्रवाणीवरून या बचावकार्याचे दर्शन देशाला घरबसल्या घडले. बचावकर्त्यांच्या शौर्याबद्दल, सहसा व्यक्तींना दिले जाणारे कार्नेगी निधीचे पदक संपूर्ण समूहाला देण्यात आले.

बचावलेल्यांमध्ये मॉरिस रडिक हे कृष्णवर्णीय खाणकामगार होते. अंधारात गाणी गाऊन त्यांनी सहकाऱ्यांचे धैर्य टिकवून ठेवले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी बचावलेल्यांना जेकिल बेटावर विश्रांतीसाठी बोलावले. पण तेथील वर्णभेदी कायद्यांमुळे रडिक कुटुंबाला वेगळे राहण्याची अट होती. सहकाऱ्यांचा हा प्रवास हुकू नये म्हणून रडिक यांनी ती अट स्वीकारली. ज्यांच्या गाण्याने खाणीतील अंधार सुसह्य झाला, त्यांनाच वर उजेडात आल्यावर वेगळ्या पंगतीला बसावे लागले.

या दुर्घटनेनंतर मोठ्या खाणी बंद झाल्या आणि शेकडो कुटुंबांचा आधार तुटला. पुढे १९६७ मध्ये येथे केंद्रीय तुरुंग सुरू झाला व त्यातून रोजगार निर्माण झाला. गावच्या कन्या आणि विख्यात गायिका अ‍ॅन मरे यांच्या कारकिर्दीला वाहिलेले केंद्र १९८९ मध्ये उभे राहिले. खाणकामगारांचे संग्रहालयही पाहुण्यांना जुन्या बोगद्याचे दर्शन घडवते. आर्थिक अडचणींमुळे १ एप्रिल २०१५ रोजी नगराचा दर्जा संपुष्टात येऊन स्प्रिंगहिल कंबरलँड परगण्यात विलीन झाले.

परित्यक्त खाणींत साचलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने कोमट राहते. १९८० च्या दशकापासून उष्णता-पंपांच्या साहाय्याने त्याच पाण्यातून येथील कारखाने व इमारतींना ऊब पुरवली जात आहे. या प्रयोगाची गणना जगातील आरंभीच्या प्रयोगांमध्ये होते. एकेकाळी कोळसा जाळून ऊब देणारी ही जमीन कोळसा न जाळताही ऊब देत आहे. मात्र गावातील स्मारकांवर कोरलेली नावे त्या पहिल्या उबेची किंमत विसरू देत नाहीत.