अलॉटमेंटवरील शरदातील कामे

घरापुरता भाजीपाला पिकवण्यासाठी ब्रिटनमध्ये नगरपालिकेकडून किंवा खासगी मालकाकडून वार्षिक भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी 1908 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. जुन्या मापाने पूर्ण तुकडा 10 पोलांचा, म्हणजे सुमारे 250 चौ. मी.; आपल्या हिशेबाने जेमतेम अडीच गुंठे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्यावर करायच्या कामांची ही नोंद आहे.

भोपळे काढले, खोपटाला कुलूप लावले आणि हंगाम संपला, अशी नवख्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. महाराष्ट्रात याच दिवसांत रब्बीची तयारी चालते आणि ब्रिटनमध्येही पुढच्या वर्षाचे पीक याच तीन महिन्यांत ठरते. अडचण असते ती वेळेची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, त्यानंतर संध्याकाळी कामावरून परतेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि मशागतीला शनिवार-रविवारच उरतात.

काढणी व साठवण : महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे त्याची बातमी होते. ब्रिटनच्या बऱ्याच भागांत ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ही नित्याची गोष्ट असते, आणि काढणीचा क्रम तीच ठरवते. लाल भोपळे, घेवडा आणि टोमॅटो दव गोठण्याआधी काढावे लागतात. भोपळा देठासकट कापून आठ-दहा दिवस उन्हात किंवा उबदार जागी ठेवला की साल टणक होते आणि तो हिवाळाभर टिकतो. पार्सनिप या पांढऱ्या, गाजरासारख्या कंदाचे मात्र उलट आहे. थंडीने त्यातल्या पिठूळ अंशाची साखर होते, म्हणून तो घाईने उपटू नये. कांद्याच्या कुळातले लीक आणि लहानशा कोबीसारखे ब्रसेल्स स्प्राउट्सही शेतातच राहतात. स्प्राउट्सच्या उंच दांड्यांना काठीचा आधार आणि वरून जाळी मात्र हवी, कारण इतर हिरवा चारा संपला की कबुतरे त्यांवर तुटून पडतात.

बटाट्याची पाने कापून दहा-पंधरा दिवस कंद जमिनीतच ठेवले की साल पक्की होते. मग कोरड्या दिवशी खणून कागदी किंवा तागाच्या पोत्यांत, अंधारात साठवतात. उजेडाने बटाटे हिरवे पडून विषारी होतात. खणण्यात कसूर झाली तर ती शेजाऱ्यांनाही भोवते. करपा पडलेल्या वाफ्यात राहिलेला एखादा बटाटा पुढच्या वसंतात उगवतो आणि त्याच्यावरून रोग साऱ्या अलॉटमेंटभर पसरू शकतो. 1845 पासून आयर्लंडला दुष्काळात लोटणारा रोग तो हाच. म्हणून लहानात लहान कंदही वेचून काढावा.

लागवड : लसूण हे या ऋतूचे मुख्य पीक. आपल्याकडेही तो याच सुमारास लावतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे काम ओळखीचे वाटेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाकळ्या 15 सें.मी. अंतरावर, टोक वर ठेवून, मातीखाली दोन-अडीच सें.मी. खोल लावतात. एक-दोन महिने 10 अंश से.च्या खालची थंडी मिळाली तरच गड्डीत नीट पाकळ्या पडतात. ती चुकली तर अखंड गोळा निघतो. त्याच दिवसांत ब्रॉड बीन या वालासारख्या शेंगभाजीचे बी 5 सें.मी. खोल पेरतात. रोपे हातभरही न वाढता हिवाळा काढतात आणि वसंतातल्या पेरणीपेक्षा लवकर शेंगा देतात. काळा मावा येईपर्यंत त्यांचे शेंडे जून झालेले असतात, हा मोठाच फायदा. थंडी सोसणाऱ्या कांद्याच्या लहान गड्ड्याही आत्ताच लावतात.

मातीची निगा : हा या ऋतूतला सर्वांत मोलाचा भाग आणि सर्वांत वादाचाही. जुनी पद्धत अशी की चिकण जमीन शरदात खोल खोदून ढेकळे तशीच टाकावीत. त्यांतले पाणी गोठून प्रसरण पावते आणि वसंतापर्यंत ढेकळे आपोआप फुटतात. ‘विजयासाठी खणा’ ही युद्धकालीन मोहीम ऑक्टोबर 1939 मध्ये सुरू झाली तेव्हा खोदणे हाच शेतीचा पहिला धडा होता. सॉमरसेटमधले चार्ल्स डाउडिंग यांच्यासारखे बागायतदार आज याच्या विरुद्ध सांगतात : माती उलथू नका, वरून कंपोस्टचा थर द्या, गांडुळे तो आत नेतील. लहान तुकड्यासाठी दुसरी वाट अधिक पटते. तीत कष्ट वाचतात आणि पुरलेले तणाचे बी वर येत नाही. मात्र हरळीसारख्या मुळांनी पसरणाऱ्या तणाने जमीन भरली असेल, तर एकदा खणून मुळ्या वेचणेही समजण्यासारखे आहे. पद्धत कोणतीही असो, पावसाळी हिवाळ्यात माती उघडी राहू नये, कारण पाण्याबरोबर नत्र झिरपून जाते. रिकाम्या वाफ्यात राय हे गव्हासारखे धान्य पेरून वसंतात ते हिरवळीचे खत म्हणून कापतात.

घेवड्याचे वेल उपटू नयेत. जमिनीलगत कापून मुळे आत कुजू द्यावीत. कोबीवर्गाची मुळे गाठाळून सुजत असतील तर पुढच्या वर्षीच्या वाफ्यात आत्ताच चुना घालतात, पण शेणखताबरोबर नाही, कारण त्याने खतातले नत्र अमोनिया होऊन उडते. पानगळीची पाने ओली करून भोके पाडलेल्या पिशव्यांत भरली की साधारण दोन वर्षांत भुसभुशीत पानखत होते.

इतर कामे : सफरचंदाच्या खोडांना ऑक्टोबरमध्ये चिकट पट्टे बांधतात; हिवाळी पतंगाच्या माद्यांना पंख नसतात, त्या खोडावरून चढतात आणि पट्ट्यात अडकतात. अवजारे पुसून तेल लावून ठेवतात. रोगट काड्यांचा ढीग अनेक जण 5 नोव्हेंबरला, ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात त्या रात्री, पेटवतात. असा ढीग पेटवायच्या दिवशीच उचलून दुसऱ्या जागी रचावा, कारण हिवाळी झोपेसाठी जागा शोधणारे हेजहॉग हे छोटे काटेरी प्राणी त्यात शिरून बसलेले असतात.