माळ्यावरचा कम्प्युटर कुर्ल्याला कसा पोचतो?

आजच्या एपिसोडमध्ये आपण कम्प्युटरचा इतिहास बघणार आहोत, पण उलट्या टोकाकडून. म्हणजे तो आला कसा हे थोडक्यात, आणि तो बंद पडल्यावर त्याचं काय झालं हे सविस्तर.

मी भांडुपचा, त्यामुळे सुरुवात भांडुपपासूनच करतो. १८४३ साली मुंबई सरकारचे चीफ इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते, तेव्हा त्यांच्या डोक्यात मुंबई-ठाणे रेल्वेची कल्पना आली, असं रेल्वेच्या इतिहासात सांगतात. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. या रुळांना समांतर जुना आग्रा रोड, म्हणजे आपला एलबीएस मार्ग. विसाव्या शतकात याच पट्ट्यात कारखाने उभे राहिले. भांडुपला सिएट, एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू, कांजूरला क्रॉम्प्टन, विक्रोळीला गोदरेज. याच रस्त्याने मुंबईकडे जात राहिलात की कुर्ला लागतं, आणि कुर्ल्याला भंगार मार्केट. वस्तू बनते ती जागा आणि वस्तू मोडते ती जागा, दोन्ही एकाच रस्त्यावर! आजची गोष्ट त्या दुसऱ्या जागेची आहे.

मुंबईत कम्प्युटर आला तो आधी मोठ्या संस्थांत. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा कम्प्युटर १९६० मध्ये पूर्ण झाला. एक मशीन म्हणजे एक अख्खी खोली. अशी मशीन्स मोजकीच, त्यामुळे कचऱ्याचा प्रश्नच नव्हता. १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने कम्प्युटरचं धोरण सैल केलं, १९९१ नंतर आयात सोपी होत गेली, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला 'असेंबल्ड पीसी' घराघरात पोचला. ३८६ गेला, ४८६ आला, मग पेंटियम. दर तीन-चार वर्षांनी जुना डबा बाजूला. तो जाणार कुठे?

आता मुंबईची एक गंमत बघा. इथे कोणी काही फुकट फेकून देत नाही. दारावर भंगारवाला येतो, काट्यावर वजन करतो, चार पैसे हातात ठेवतो. त्याच्याकडून माल मोठ्या गाळ्यात जातो, तिथून कुर्ला, साकीनाका. चालू रॅम, हार्डडिस्क, पॉवर सप्लाय वेगळे निघतात आणि पुन्हा बाजारात येतात. चांगली पिक्चर ट्यूब असली की तिचा स्वस्त लोकल टीव्ही बनायचा. केसिंगचं प्लास्टिक रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळं होतं. रिसायकलिंग हा शब्द आपल्या पुस्तकात यायच्या आधीपासून हे लोक ते करत होते, आणि फार बारकाईने.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे शेवटच्या टप्प्यात. जे पुन्हा वापरता येत नाही, त्यातून धातू काढायचा असतो.

जुन्या मॉनिटरची पिक्चर ट्यूब घ्या. आतून निघणारे क्ष-किरण अडवायला तिच्या काचेत शिसं घालत. एका मॉनिटरमध्ये साधारण दोन-तीन किलो! ट्यूबच्या मानेवर तांब्याची कॉइल असते. ती काढताना काच फुटते आणि आतली पावडर उडते. मदरबोर्डवरचं जुनं सोल्डर म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. चिप्स सोडवायला बोर्ड शेगडीवर तापवला की तो धूर थेट नाकात. तांब्यासाठी वायर जाळली की पीव्हीसीतून डायॉक्सिन्स तयार होतात. आणि कनेक्टरवरचं सोनं? त्यासाठी बोर्ड अ‍ॅसिडमध्ये बुडवतात आणि उरलेलं अ‍ॅसिड गटारात ओततात. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो, त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आणि ही कामं बऱ्याचदा राहत्या घराला लागूनच चालतात.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. घातक कचरा श्रीमंत देशांतून गरीब देशांत ढकलला जाऊ नये म्हणून १९८९ मध्ये बाझल करार झाला. डिसेंबर २००१ मध्ये एक भन्नाट प्रकार घडला. नेदरलँड्सने सोनीच्या प्लेस्टेशनचे १३ लाख डबे अडवले, का तर केबलमध्ये कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. कंपन्यांना पहिल्यांदा नीट कळलं, की विष आत राहिलं तर माल गोदामातच राहील. पुढे १ जुलै २००६ पासून युरोपात 'रोह्स' हा नियम लागू झाला. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियमचा एक घातक प्रकार आणि आग रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये घालायची ब्रोमिनची दोन संयुगं, अशा सहा पदार्थांवर मर्यादा आली. जगभरच्या कारखान्यांना सोल्डर बदलावं लागलं.

आणि आपल्याकडे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २००५ चा अंदाज होता, देशात वर्षाला सुमारे १.४६ लाख टन ई-कचरा. राज्यांत महाराष्ट्र पहिला, शहरांत मुंबई पहिली. २००७ मध्ये टॉक्सिक्स लिंक या संस्थेने मुंबईचा अभ्यास केला, त्यात शहराचा आकडा वर्षाला सुमारे १९ हजार टन निघाला. ई-कचऱ्यासाठी वेगळे नियम २०११ मध्ये जाहीर झाले, १ मे २०१२ पासून लागू झाले. म्हणजे महाराष्ट्र दिनीच, बरं का! विषारी पदार्थांच्या मर्यादेसाठी कंपन्यांना आणखी दोन वर्षं मिळाली. तीच युरोपातली यादी: कॅडमियम ०.०१ टक्का, बाकीचे पाच ०.१ टक्का. २०१६ च्या नियमांत राज्य सरकारने या कामगारांची नोंदणी आणि प्रशिक्षण करावं, हे आलं. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आहेत, त्यात १०६ प्रकारच्या वस्तू येतात.

माझा मुद्दा इथे आहे. कायदा नव्या वस्तूला लागतो, आणि भंगारात येते जुनी वस्तू. १९९८ चा मॉनिटर २००८ ला फुटतो, कधी २०१८ ला. तेव्हा नवीन लॅपटॉपच्या बॉक्सवर 'शिसंमुक्त' लिहिलेलं असतं, पण कुर्ल्यातल्या माणसाच्या हातात वीस वर्षांपूर्वीचं शिसं असतं. कंपनीने फायदा कमावला, आपण वापरलं, विष मात्र साखळीतल्या शेवटच्या माणसाला मिळालं. आणि नियम मोडला म्हणून धाडही त्याच्याच गाळ्यावर पडते.

काही जण म्हणतात, सगळं भंगार मार्केट बंद करा. मला ते पटत नाही. घराघरातून माल गोळा करण्यात, चालू पार्ट ओळखण्यात या लोकांचा हात कोणी धरू शकत नाही. ते काम त्यांच्याकडेच राहू दे. जाळणं आणि अ‍ॅसिड, एवढंच नोंदणीकृत रिसायकलरच्या मशीनकडे जाऊ दे. पण तसं व्हायचं तर रिसायकलरने बोर्डाला अ‍ॅसिडवाल्याइतका भाव द्यायला हवा. नाहीतर माल शेगडीवरच जाणार, कायदा काहीही म्हणो.

तुम्ही काय करू शकता? मशीन चालू असेल तर दुरुस्त करून कोणाला तरी वापरायला द्या. बंद असेल तर डेटा पुसून अख्खं मशीन नोंदणीकृत रिसायकलरला द्या. तांब्यासाठी घरी फोडू नका. पैसे कमी मिळतील, कधी मिळणारही नाहीत. तो फरक आत्तापर्यंत दुसरं कोणीतरी आपल्या फुप्फुसातून भरत होतं.

तुमच्या घरातला सगळ्यात जुना कम्प्युटर कोणत्या सालचा, आणि तो आता कुठे आहे? कळवा नक्की. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, काळजी घ्या!